जाळी

तात्सुरो,
तू अजून वरच आहेस, म्हणून तुलाच लिहिते.

मऊ अवतरण म्हणतात त्याला पुस्तकात.
भरधाव ट्रकनं मागून ठोकर द्यावी, तसं असतं ते.
कुपी आदळली, कलंडली,
पॅराशूटनं थोडी फरपटत नेली,
आणि मग इतकी निश्चल झाली
की एकशे त्र्याहत्तर दिवसांत पहिल्यांदाच
मला पंख्याचा आवाज ऐकू आला नाही.

दार उघडलं. जळक्या धातूच्या वासामागून
कडवट, हिरवा एक वास आत घुसला,
दवण्याच्या कुण्या रानटी बहिणीचा.
"झुसान," मला उपसून काढणारा गडी म्हणाला,
बुटाखाली चिरडलेलं झुडूप दाखवत.
बेक्झात त्याचं नाव. बाप मेंढपाळ,
म्हणून असेल, त्यानं मला
नुकतं जन्मलेलं कोकरू उचलावं तसं उचललं,
एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली,
आणि खुर्चीत ठेवताना हळूच म्हणाला,
"मान वळवू नका, आभाळ फिरेल."
मी वळवली. फिरलं.

शब्दाला वजन असतं म्हणतात.
मला तर जिभेलाच वजन आलंय.
ओठ लोंबतात. मनगटावरचं घड्याळ
हट्टी पोरासारखं खाली ओढतं.
तळव्यांचे घट्टे तिकडेच सोलून गेले,
पावलांच्या पाठीवर नवे आलेत
त्या कांबींखाली पाय अडकवून अडकवून.
इथं ते कशाच्याच कामाचे नाहीत.

आज शनिवार. झाडलोट केलीस?
तिथं केर खाली बसतच नाही.
आठवड्याभरात हातून जे जे सुटलं
ते पंख्यांच्या वाऱ्याबरोबर भटकून
शेवटी हवेच्या जाळीवर येऊन चिकटतं.
तुझ्या नखाची कोर. वेल्क्रोचा तुकडा.
तीन दिवस शोधत होते तो चार मिलिमीटरचा स्क्रू,
ज्यासाठी खालच्या नियंत्रण कक्षातल्या बाईंनी
मला दोनदा झापलं होतं.
आणि त्या शनिवारी
एक लांब, तांबूस केस.

आपण सहा जण. कुणाचेच तसे नव्हते.
"मारितचा," तू म्हणालास.
मी येण्याआधीच ती उतरली होती,
चार महिने होऊन गेले होते.
इतके दिवस कुठल्या पॅनेलमागे
तो घिरट्या घालत होता, कोण जाणे.
मी व्हॅक्यूमचा पाइप पुढे केला.
तू म्हणालास, थांब.

तेवढ्यात पाण्याच्या यंत्राचा गजर वाजला.
कालचं मूत आणि उद्याची कॉफी यांच्यामध्ये
काहीतरी तुंबलं होतं, नेहमीसारखं.
आपण दोघं तिकडे तरंगत गेलो.
मी परतले तेव्हा जाळी स्वच्छ होती.
विचारलं नाही मी. सहा जणांच्या त्या घरात
न विचारणं हीच एक खोली असते
जिला दार असतं.

काल मारित भेटायला आली, कोलोनला,
पुनर्वसन केंद्रात.
केस कानापर्यंत कापलेत तिनं.
म्हणाली, "ते यंत्र अजून तुंबतं का?
डावीकडची झडप ठोकायची,
सांग तिकडच्यांना."
तिकडच्यांना, म्हणाली.
नाव घेतलं नाही.
मी सांगायला तोंड उघडलं,
आणि हात मोकळे हवेत म्हणून
चहाचा कप हवेत ठेवून दिला.

फुटला.
बराच वेळ आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.
मग ती हसली. "माझे सात फुटले," म्हणाली,
"आठवा जपलाय."
गुडघे टेकून ती एकेक तुकडा वेचू लागली.
मला अजून वाकता येत नाही.

इथं हरवलेलं आपणहून येत नाही, तात्सुरो.
जिथं पडतं तिथंच पडून राहतं.

एक तुकडा कपाटाखाली गेलाय,
माझ्या खुर्चीतून दिसतो.
झडपेचं तेवढं लक्षात ठेव.
डावीकडची.